क्राकूवमध्ये दोघांसाठी दोन रात्री: यादीतून काय काढायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आइंदहोवनला राहता. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी रात्री पोलंडमधल्या क्राकूवला पोहोचणार, रविवारी रात्री परत. लग्नानंतर दोघांनीच केलेली ही पहिली सहल. यादीत जुनं शहर, वावेल किल्ला, आउशवित्झची नाझी छळछावणी, विएलिच्काची मिठाची खाण, युद्धात ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलरचा कारखाना आणि 'जमलंच तर झाकोपाने'. पत्नी शाकाहारी, हॉटेल अजून ठरलेलं नाही. शिवाय सासर कोल्हापूरचं, म्हणून वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीचं काही तिथे पाहायला मिळेल का, हेही विचारलंय.

मी क्राकूवमध्ये राहते, आणि भारतीय पाहुण्यांच्या सहली आखून देणं हा माझा व्यवसाय आहे. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जोडप्याची यादी अशीच असते आणि माझं पहिलं काम त्यातली निम्मी नावं खोडण्याचं असतं. तुमच्या हाताशी एक अख्खा शनिवार आणि रविवारचा दुपारपर्यंतचा वेळ आहे. झोप, जेवण आणि विमानतळ वजा करून बघा, म्हणजे काय उरतं ते कळेल.

झाकोपाने आधी काढा. अंतर शंभरेक किलोमीटरच आहे, पण बसने जायला दोन तास आणि यायला दोन तास. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की त्याहूनही जास्त. ताट्रा पर्वत बघायचा तर तिथे मुक्काम करा.

आता आउशवित्झ. यावर माझं मत थोडं कडक आहे. ती छावणी असलेलं ओश्वेंचिम हे गाव क्राकूवच्या पश्चिमेला साधारण ६५-७० किलोमीटरवर आहे. जाण्यायेण्याचे तीन तास आणि मार्गदर्शकासोबतचे साडेतीन तास धरले तर दिवस संपला. पण खरी अडचण वेळेची नाही. तिथून संध्याकाळी परत येऊन, छान कपडे घालून, मेणबत्तीच्या उजेडात जेवायला बसणं बहुतेकांना जमत नाही. जमू नये असंही मला वाटतं. ती जागा 'क्राकूवमधली प्रेक्षणीय स्थळं' या यादीत कोंबण्यासारखी नाही. तिथे जायचं तर तेवढ्यासाठीच या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. सोमवारची सुट्टी मिळत असेल तर आउशवित्झ सोमवारी ठेवा. त्यासाठी स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच वेळ राखून ठेवावी लागते. प्रवेश मोफत आहे, पण प्रवेशपत्र नावानिशी मिळतं आणि दारावर ओळखपत्र पाहतात. मार्गदर्शकाचे पैसे वेगळे. इंग्रजी फेऱ्या लवकर भरतात, त्यामुळे ऐनवेळी रीनेकवर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, छत्री घेऊन उभ्या असलेल्या विक्रेत्याकडे जाण्याची वेळ आणू नका.

सोमवार मिळत नसेल तर त्या काळाचा इतिहास शहरातच भेटतो, आणि चालत भेटतो. त्याबद्दल खाली लिहिते.

मिठाच्या खाणीबाबत मी एवढी हट्टी नाही. विएलिच्का फक्त १५ किलोमीटरवर आहे. मुख्य स्टेशनवरून गाडी थेट खाणीजवळच्या थांब्यावर सोडते, पाऊण तासाच्या आत दारात. खाणीत वर्षभर १७-१८ अंश तापमान असतं. फेरीत एकूण सुमारे ८०० पायऱ्या आहेत, त्यातल्या ३८० सुरुवातीलाच उतराव्या लागतात. वर यायला लिफ्ट आहे. जमिनीखाली १०१ मीटरवर सेंट किंगाचं प्रार्थनागृह आहे. त्याची जमीन, भिंतींवरची शिल्पं आणि झुंबरांचे स्फटिक सगळं मिठाचं, खाणकामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेलं. ते खरोखर बघण्यासारखं आहे. पण घोळक्याने, ठरलेल्या वेगाने चालावं लागतं आणि जाऊन येऊन अर्धा दिवस जातो. बाहेर सतत पाऊस असेल तर जा. ऊन असेल तर ऑक्टोबरमधलं क्राकूव सोडून जमिनीखाली जाऊ नका. शरदातल्या सोनेरी पानांचं पोलिश लोकांना फार कौतुक असतं, आणि ते अगदी रास्त आहे.

उरलं काय, तर शहर. क्राकूवचं भाग्य असं की दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जसं जमीनदोस्त झालं तसं हे झालं नाही. १२५७ साली आखलेलं रस्त्यांचं चौकोनी जाळं आजही तसंच आहे. मधोमध रीनेक ग्वूव्नी हा जवळपास २०० मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौक. भोवतीचा कोट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला आणि त्या जागी प्लांती ही चारेक किलोमीटरची बाग झाली. कोट पाडायला विरोध झाला म्हणून उत्तरेला फ्लोरियान्स्का दरवाजा आणि त्यापुढचा गोल बुरूज तेवढे वाचले. बागेच्या या वर्तुळाच्या आत ट्राम, टॅक्सी कशाचीही गरज नाही.

मुक्काम कुठे, हा प्रश्न मात्र नीट सोडवा, कारण जोडप्यांची निराशा बहुतेक इथेच होते. संकेतस्थळांवर 'रीनेकपासून एका मिनिटावर' अशी सुंदर घरं दिसतात. शुक्रवार-शनिवारी त्याच गल्ल्यांत स्वस्त विमानांनी आलेल्या नवरदेवांच्या मित्रमंडळींच्या पार्ट्या चालतात. फ्लोरियान्स्का, श्‍चेपान्स्का, श्‍वेव्स्का या रस्त्यांवर पहाटेपर्यंत गोंगाट असतो. २०२३ च्या जुलैपासून शहरात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दुकानांतून दारू विकायला बंदी आहे. त्याने फरक पडला, पण बार उघडेच असतात. चौकातच राहायचं असेल तर आतल्या अंगणाकडची खोली लेखी मागून घ्या. मी जोडप्यांना दोन जागा सुचवते. एक, जुन्या शहराच्या उत्तरेचा क्लेपाश भाग: स्टेशन पाच-दहा मिनिटांवर, म्हणजे शुक्रवारी रात्री बॅगा ओढत फिरायला नको. दुसरी, जुन्या शहराच्या दक्षिणेला, ज्यूंच्या जुन्या वस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या काझिमिएशची पश्चिम बाजू, स्काउका चर्चच्या आसपास. तिथे रात्री शांत असतं आणि जेवायची सगळी ठिकाणं चालत दहा मिनिटांच्या आत. काझिमिएशमध्येच, पण प्लात्स नोवी या चौकाच्या डोक्यावर मात्र राहू नका.

बालित्से विमानतळावरून मुख्य स्टेशनपर्यंत गाडीला वीसेक मिनिटं लागतात. रात्री उशिराचं विमान असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा, नाहीतर अॅपवरून टॅक्सी मागवा. बाहेर 'टॅक्सी, टॅक्सी' करत येणाऱ्याबरोबर जाऊ नका.

शनिवारी सकाळी पहिलं काम नाश्त्याचं. हॉटेलचा नाश्ता घेऊ नका. क्लेपाशच्या जुन्या मंडईत जा. शेतकरी सफरचंदं, अळंबी, मध, लोणच्याच्या काकड्या घेऊन बसलेले असतात. ओस्त्सीपेक हे मेंढीच्या दुधाचं, धुरी दिलेलं चीज इथे चाखायला देतात. ही मंडई रविवारी बंद, म्हणून शनिवारच. रस्त्यात निळ्या हातगाडीवरून ओब्वाझानेक घ्या. हा पिळाचा गोल पाव आधी पाण्यातून उकळून काढतात, मग भाजतात. वर खसखस, तीळ किंवा मीठ. दुपारनंतर तो दगड होतो, त्यामुळे खायचा तर सकाळीच.

साडेअकराच्या सुमारास रीनेकवरच्या मारियात्स्की चर्चच्या पर्यटकांच्या दारापाशी असा. तिकीट समोरच्या इमारतीत मिळतं. वित स्त्वोश या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून इथली वेदी घडवली. लिंबाच्या लाकडातली (आपलं कडुनिंब नव्हे, युरोपातलं लिंडनचं झाड) सुमारे १३ मीटर उंचीची ही रचना एरवी मिटलेली असते आणि ११ वाजून ५० मिनिटांनी तिची दारं उघडतात. दारं उघडताना आतलं सोनं दिसू लागतं, तो क्षण चुकवू नये. रविवारी पर्यटकांना दुपारी दोननंतरच आत घेतात, म्हणून हेही शनिवारचंच काम. मग लगेच बाहेर या, कारण बाराला उंच बुरुजावरून तुतारी वाजते. दर तासाला, चारही दिशांना, अग्निशमन दलाचा माणूस ती वाजवतो आणि सूर मध्येच तुटतो. तेराव्या शतकात तातारांचा हल्ला आला तेव्हा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून सूर तिथेच थांबतो अशी दंतकथा आहे. दुपारी बाराची तुतारी पोलिश रेडिओवर थेट ऐकवतात. वाजवून झाल्यावर खालून हात हलवा; तोही बहुधा हलवतो.

संग्रहालय एकच निवडा. माझी निवड चार्तोरिस्की संग्रहालय. लिओनार्दो दा विंचीचं 'लेडी विथ अॅन अर्मिन' तिथे आहे. साधारण १४९० चं, जेमतेम ५५ सेंटिमीटर उंचीचं चित्र. मिलानच्या दरबारातली चेचिलिया गालेरानी ही तरुणी हातात पांढरं मुंगसासारखं जनावर घेऊन चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी बघते आहे. नाझी राजवटीत पोलंडचा गव्हर्नर जनरल हान्स फ्रांक याने ते वावेलवरच्या आपल्या कचेरीत नेऊन लावलं होतं. युद्धानंतर ते बव्हेरियातून परत आलं. पॅरिसमध्ये मोनालिसासमोर जी रेटारेटी असते त्याच्या तुलनेत इथे निवांत उभं राहता येतं. वेळेचं तिकीट आधी घ्या.

त्यानंतर हॉटेलवर जाऊन दोन तास झोपा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. शुक्रवारी उशिरा आलेलं जोडपं शनिवारी रात्री आठला जेवणाच्या टेबलावर जांभया देतं किंवा भांडतं, आणि दोन्हीचं कारण दुपारी न थांबणं हेच असतं.

त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. पाचच्या आत विस्वा नदीकाठी या आणि काझिमिएशकडून बर्नातेक पुलाने पलीकडे पोदगुझेला जा. हा पादचारी पूल २०१० साली झाला. कठड्यांना प्रेमिकांनी लावलेली कुलपं आहेत आणि वर तारांवर तोल सांभाळणारे कसरतपटूंचे पुतळे वाऱ्यावर हलतात. अंगात दम असेल तर पुढे क्राकुस टेकाडापर्यंत चाला. ख्रिस्ती धर्म येण्याआधीचं, माणसांनी रचलेलं सोळाएक मीटरचं हे टेकाड आहे. वरून सगळं शहर, वावेल आणि मागे निळसर डोंगर दिसतात. स्थानिक मंडळी बिअर-चिप्स घेऊन इथे बसलेली असतात. घोडागाडीपेक्षा मी हे शंभरदा सुचवेन. रीनेकवरच्या त्या पांढऱ्या घोडागाड्या फोटोत छान दिसतात, पण पैसे बरेच मोजावे लागतात आणि दगडी रस्त्यावर दिवसभर उभ्या त्या घोड्यांकडे बघून मला तरी आनंद होत नाही.

रात्रीचं जेवण काझिमिएशमध्ये. शनिवारचं टेबल आठवडाभर आधी राखून ठेवा आणि साडेसातची वेळ घ्या. बरीच स्वयंपाकघरं दहाला बंद होतात. शेरोका रस्त्यावर ज्यू पद्धतीचं जेवण आणि क्लेझमर (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लोकसंगीत) देणारी उपाहारगृहं आहेत. तो प्रकार पर्यटकांसाठीच आहे, पण व्हायोलिन आणि क्लॅरिनेट समोर वाजत असताना कुणाची तक्रार ऐकलेली नाही. संगीताचे पैसे बिलात वेगळे लागतात का, ते बसण्याआधी विचारा.

पत्नीच्या जेवणाची काळजी नको, सावधपणा मात्र हवा. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्याच. त्यातला 'रुस्किए' प्रकार बटाटा आणि पनीरसारख्या ताज्या चीजचा, पूर्ण शाकाहारी. पण वर परतलेल्या कांद्याबरोबर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकून देतात, मेनूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. मागवतानाच 'बेझ स्क्वारेक' म्हणायचं, म्हणजे ते तुकडे नकोत. सारणात कोबी-अळंबीचा प्रकारही बहुतेक ठिकाणी शाकाहारी असतो. सूपच्या बाबतीत विश्वास ठेवू नका: झुरेकमध्ये सॉसेज असतंच, आणि बिटाचं लाल बार्श्च दिसायला निरुपद्रवी असलं तरी पुष्कळदा मांसाच्या पाण्यावर केलेलं असतं. 'बेझ म्येंसा', बिनमांसाचं, एवढं विचारलं की वाढणारे नीट सांगतात. बटाट्याची धिरडी, गोड चीज भरलेले नालेश्निकी, सफरचंदाचा शार्लोत्का केक यांवर पोट भरेल. तुम्ही अंडं खात नसाल तर पिठात अंडं आहे का हेही विचारा. काझिमिएशमध्ये पूर्ण वनस्पतीजन्य जेवण देणाऱ्या जागाही पुष्कळ आहेत. एक दुपारचं जेवण 'बार म्लेच्नी' मध्ये करा. कम्युनिस्ट काळापासून चालत आलेल्या या साध्या खाणावळी: काउंटरवर पैसे भरा, खिडकीतून ताट घ्या. स्वस्त आणि चवदार. रात्री उशिरा भूक लागली तर प्लात्स नोवीच्या गोल इमारतीच्या खिडक्यांतून झापिएकांका घ्या, अर्ध्या लांब पावावर अळंबी आणि चीज घालून भाजलेली.

रविवारची सुरुवात काझिमिएशमध्येच, कारण रेमू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि त्यामागचं जुनं दफनस्थान शनिवारी बंद असतं. युद्धापूर्वी क्राकूवच्या लोकसंख्येत साधारण चौथा हिस्सा ज्यूंचा होता. मार्च १९४१ मध्ये नाझींनी पोदगुझेत घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, उभारला आणि त्यांना नदीपलीकडे हलवलं. दोन वर्षांनी, मार्च १९४३ मध्ये तोही रिकामा केला. जिथे माणसांना गोळा करून गाड्यांत भरत, त्या चौकात आज कांस्य-लोखंडाच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या उभ्या आहेत. पुलावरून पंधरा मिनिटांत तिथे पोहोचता. चौकाच्या कोपऱ्यावर ताडेउश पान्किएविच यांचं औषधांचं दुकान आहे. घेटोच्या आत दुकान चालू ठेवण्याची परवानगी मिळालेले ते एकमेव पोलिश औषधविक्रेते. त्यांनी तिथून लोकांना औषधं, निरोप आणि आडोसा दिला. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. शिंडलरच्या कारखान्यातलं मोठं संग्रहालय तिथून जवळच, पण त्याची तिकिटं आठवडे आधी संपतात. शिवाय तिथलं प्रदर्शन मुख्यतः १९३९ ते १९४५ मधल्या क्राकूवचं आहे, त्या एका माणसाचं नव्हे. तिकीट मिळालं तर दीड-दोन तास द्या आणि मग रविवारी वावेलची दालनं सोडा. दोन्ही एकाच सकाळी नको.

वावेलवर साडेबाराच्या आसपास चढा, कारण रविवारी कॅथेड्रल पर्यटकांना त्यानंतरच उघडतं. टेकडीवर आणि अंगणात फिरायला तिकीट लागत नाही. किल्ल्याची दालनं वेळेच्या तिकिटावर. पोलिश राजे-राण्या बहुतेक याच कॅथेड्रलमध्ये चिरनिद्रा घेताहेत. वर लाकडी जिन्याने १५२० सालच्या झिग्मुंट घंटेपर्यंत जाता येतं. लोलक आणि वरच्या दांड्यासकट तिचं वजन बारा टनांहून जास्त भरतं. तिच्या लोलकाला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात, आणि अविवाहितांचं लग्न जमतं. तुमचं ते काम झालेलं आहे.

एक गंमत आपल्या लोकांना आवर्जून सांगते. वावेलच्या अंगणाच्या एका कोपऱ्यात काही माणसं डोळे मिटून भिंतीला पाठ टेकून उभी दिसतील. शंकराने जगाच्या सात दिशांना सात दगड फेकले, त्यातला एक इथे पडला आणि तेच 'वावेलचं चक्र', अशी समजूत विसाव्या शतकात पसरली. किल्ल्याच्या व्यवस्थापनाला हा प्रकार आवडत नाही आणि गाइड पटकन पुढे नेतात. मी तिथे नेते, पण काही वाटतं का हे विचारत नाही.

खाली नदीकाठी ड्रॅगनचा पुतळा थोड्या थोड्या वेळाने तोंडातून खरी आग काढतो. लहान मुलांची गर्दी असते, तुम्हीही बघा.

किरकोळ पण उपयोगाचं: पोलंडमध्ये युरो चालत नाही, झ्लोती चालतो. कार्ड सगळीकडे घेतात. मशीन 'युरोत पैसे द्यायचे का' असं विचारेल तेव्हा झ्लोतीच निवडा, नाहीतर दर वाईट पडतो. मंडई आणि स्वच्छतागृहांसाठी थोडी रोख ठेवा. ट्राममध्ये चढलात तर कागदी तिकिटावर लगेच यंत्रात शिक्का मारा, तपासनीस पर्यटकांनाही सोडत नाहीत. बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, म्हणून भेटवस्तू शनिवारी घ्या. नेदरलँड्सचं निवासपत्र आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा. शेंगेनमधला प्रवास असला तरी तपासणी होऊ शकते. रविवारी बॅगा मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, विमानतळाची गाडी तिथूनच सुटते. सकाळी ७-८ अंश, दुपारी उन्हात १४-१५ असं धरून कपडे घ्या. आणि बुटांचे तळवे जाड हवेत. दगडी रस्ते आहेत, वहिनींनी टाचांच्या चपला जेवणापुरत्याच काढाव्यात.

सहल पुढे ढकलायचा विचार असेल तर मे किंवा सप्टेंबर निवडा. डिसेंबरचा रीनेकवरचा नाताळ बाजार सुंदर असतो, पण सूर्य पावणेचारला मावळतो आणि हवा जड असते. शहरात १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी आहे. आजूबाजूच्या गावांना ती लागू नाही आणि शहर खोलगटात आहे, त्यामुळे थंडीत धूर इथे येऊन बसतो. कुणाला दमा असेल तर हिवाळा टाळा.

राहिलं कोल्हापूर. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः स्त्रिया आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं, तिथून इराणमार्गे ते भारतात पोहोचले. त्यांची आठवण कोल्हापुरात महावीर उद्यानातल्या स्तंभावर आहे आणि पोलंडमध्ये वॉर्सात. तिथे कोल्हापूरचं स्मारक आहे, आणि पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाचा 'भल्या महाराजांचा चौक'ही. क्राकूवमध्ये तसं दाखवण्यासारखं काही नाही. क्राकूव-वॉर्सा वेगवान गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात; एवढ्यासाठी ही दोन दिवसांची सहल फोडू नका. सासऱ्यांना घेऊन वॉर्साला या, आणि तेव्हा तीन रात्री ठेवा.